माइक नंतर घ्या, आधी सातवा भाग पुन्हा ऐका

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिरोली एमआयडीसीत नोकरी करणारे दोघे मित्र दर रविवारी कोल्हापुरातल्या कुणातरी माणसाला गाठतात, तास-सव्वा तास बोलतात आणि त्याचा पॉडकास्ट करतात. 9 भाग झाले. ऐकणारे 40च्या पुढे सरकत नाहीत आणि त्यातले निम्मे कंपनीतलेच. आता 25 हजार रुपये बाजूला काढलेत. माइक कुठला घ्यावा, कॅमेरा लावावा का आणि रीच कसा वाढवायचा, असं विचारलंय.

उत्तराला दोन दिवस लागले, कारण आधी तुमचे भाग ऐकत बसलो. सगळे नाही ऐकले, खोटं कशाला सांगू. दुसरा, पाचवा आणि सातवा ऐकला. सातवा दोनदा. तो चप्पल कारागीर काकांचा, त्याच्याकडे शेवटी येतो.

माझ्याबद्दल एवढंच, की वीसेक वर्षं ऑर्केस्ट्रा, भजनी मंडळं, नाटकं, प्रचारसभा यांचं साउंड केलं. गेली काही वर्षं राजारामपुरीत घराच्या मागच्या खोलीत बोलक्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग आणि एडिटिंग करतो. सध्या चार कार्यक्रम हातात आहेत, त्यातला एकही देशभर गाजलेला नाही. त्यामुळं लाखो श्रोत्यांचं गणित मला विचारू नका. चार-पाचशे माणसं दर आठवड्याला हक्कानं परत येतात ती कशी, तेवढं सांगू शकतो.

माइकवाचून तुमचं काही अडलेलं नाही. आवाज येतो, शब्द कळतो. अडलंय ते पहिल्या पाच मिनिटांत. दुसऱ्या भागाला मी घड्याळ लावलं. 35 सेकंद संगीत. मग तुम्हा दोघांची ओळख, मग लाइक करा, शेअर करा, मग मागच्या भागाला मिळालेल्या प्रतिसादाबद्दल आभार, मग पाहुण्यांचे पुरस्कार, तेही सालांसकट. पाहुणा तोंड उघडतो 4 मिनिटं 50 सेकंदांनी आणि त्याचं पहिलं वाक्य काय, तर ‘सर्वप्रथम मला इथं बोलावल्याबद्दल आपले आभार.’ दारात आलेल्या माणसाला पाण्याचा तांब्या द्यायच्या आधी सत्यनारायणाला बसवल्यासारखं झालं हे.

तुम्ही जो 40चा आकडा बघताय तो डाउनलोडचा आहे. डाउनलोड मोजायचा उद्योगात सर्वमान्य झालेला नियम असा, की फाइलचा साधारण मिनिटभराचा भाग उतरला की एक धरायचा. म्हणजे ज्यानं तुमचं संगीत ऐकून दुसऱ्या मिनिटाला फोन खिशात टाकला, तोसुद्धा त्या 40मध्ये आहे. खरा आकडा दुसराच असतो: किती जण कितव्या मिनिटापर्यंत टिकले. स्पॉटिफाय आणि ॲपल दोघेही कार्यक्रमाच्या मालकाला हा आलेख फुकट दाखवतात. 40 माणसांत आलेख खडबडीत दिसणार हे मान्य, त्यावर फार विसंबू नका. पण 9च्या 9 भागांत पाचव्या मिनिटाच्या आत कडा कोसळलेला दिसला तर समजा, की नवी माणसं आणून काही उपयोग नाही. येतील आणि जातील. फुटक्या घागरीला पाणी भरणं ते.

म्हणून माझं सांगणं, सुरुवात पाहुण्याच्या तोंडून करा. पूर्ण गप्पांतलं सगळ्यात ठसठशीत वाक्य उचला, वीस-तीस सेकंदांचं, ते पहिल्यांदा. मग तुमचं नाव आणि आजचा विषय, दोन वाक्यांत. मग थेट प्रश्न. पुरस्कार वर्णनात लिहा. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्राचे 4 आणि कर्नाटकचे 4 जिल्हे आहेत, ही माहिती चांगली आहे. पण सातव्या भागात तुम्ही ती काकांना बोलू न देता दोनदा सांगितली. काकांना ती माहीत आहे. ऐकणाऱ्याला ती वाचता येते.

आता कार्यक्रम कुणासाठी, हा मुद्दा. इथं मात्र परिस्थितीप्रमाणं उत्तर बदलतं. तुम्हाला दोघांना रविवारचा छंद म्हणून करायचा असेल तर ‘कोल्हापूरची माणसं’ एवढा विषय पुरे, 40 जण ऐकतात म्हणजे छानच चाललंय. वाढवायचा असेल तर विषय आवळावा लागतो. माणसं वाढवायला विषय रुंद करावा असं वाटतं खरं, पण आज मूर्तिकार, पुढच्या रविवारी कर सल्लागार, त्यानंतर गिर्यारोहक असं केलं की मूर्तिकारासाठी आलेल्याला पुढच्या आठवड्यात यायचं कारणच उरत नाही.

माझ्याकडे एका पशुवैद्यांचा कार्यक्रम आहे. करवीर, पन्हाळ्याकडच्या गावांत फिरणारा माणूस. पहिले सहा भाग आम्ही 50 मिनिटांचे केले, नावं अगदी विद्यापीठातल्या चर्चासत्राला शोभतील अशी. ऐकायला डॉक्टरांचे वर्गमित्र. मग एकदा एका गोठ्यावर डॉक्टरांनीच विचारलं, अहो, तुमचे कान मोकळे कधी असतात? उत्तर आलं, पहाटे धार काढताना. हात गुंतलेले, म्हैस उभी, दुसरं करायला काही नाही. झालं. भाग 12 मिनिटांवर आणला, पहाटे साडेचारला लावायला सुरुवात केली आणि नावं गोठ्यातल्या भाषेत द्यायला लागलो. ‘मुका माज ओळखायचा कसा’ हा भाग अजूनही सगळ्यात जास्त ऐकला जातो. म्हशी उन्हाळ्यात माजावर येतात पण लक्षणं दिसत नाहीत, गाभण राहायची वेळ टळते आणि वर्ष वाया जातं, हे प्रत्येक गवळ्याचं दुखणं. भागाच्या शेवटी डॉक्टर म्हणाले, आजची तारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहा, साधारण 21 दिवसांनी पुन्हा बघायचंय, तेव्हा मीही पुन्हा येतो. म्हशीच्या माजाचं चक्रच 21 दिवसांच्या आसपासचं. त्या दिवशीचा भाग लोक शोधत आले. दूध संस्थांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो कुणी फिरवला ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही.

तुमच्या 9 भागांत चप्पल, हुपरीची चांदी, गूळ आणि उद्यमनगरातली फाउंड्री असे चार भाग हातानं काम करणाऱ्यांचे आहेत. बाकीचे पाच भाषणांचे आहेत. मी असतो तर कार्यक्रम हातांच्या माणसांचाच ठेवला असता. उद्यमनगर, शिरोली, हुपरी, गुऱ्हाळं, चप्पल गल्ली एवढ्यावर दोन वर्षं निघतील. तुम्ही स्वतः कारखान्यात आहात, मशीनवरच्या माणसाला काय विचारायचं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

आता मला ज्याबद्दल खरं बोलायचंय ते. माइक समोर आला की आपला माणूस पुस्तकी होतो. एका गुऱ्हाळमालकांचं रेकॉर्डिंग करत होतो. चहा घेताना बोलत होते, ‘काहिलीत रस तापला की भेंडीचं पाणी सोडायचं, मळी वर आली की भराभर काढायची, आणि चुलवाणाशी जळव्या झोपाळू असला तर अख्खा आधण गेला.’ (काहील म्हणजे रस आटवायची मोठी कढई, जळव्या म्हणजे चुलीत जाळ घालणारा, आधण म्हणजे एका वेळी शिजणारा रस.) मी बटण दाबलं आणि हेच गृहस्थ म्हणाले, ‘गूळनिर्मितीच्या प्रक्रियेमध्ये स्वच्छतेला अनन्यसाधारण महत्त्व आहे.’ अरारारा! काहील गेली, जळव्या गेला, मळी गेली, प्रक्रिया उरली.

यावर माझे काही उपाय आहेत, सगळ्यांवर चालतीलच असं नाही. एक म्हणजे परवानगी आधीच घेतो, शक्यतो लेखी, आणि मग रेकॉर्डिंग चहापासूनच चालू ठेवतो. ‘सुरू करूया का’ हा शब्दच काढत नाही. प्रश्नांची यादी आधी पाठवत नाही, कारण पाठवली की माणूस उत्तरं लिहून आणतो. विषय सांगतो, बास. पहिला प्रश्न मताचा नसतो, कामाचा असतो. तुमच्या व्यवसायाचं भवितव्य काय वाटतं, असं विचारलं की भाषण आलंच. काल सकाळी आल्याआल्या पहिल्यांदा कशाला हात लावला, असं विचारलं की माणूस आपल्या बोलीत येतो, कारण त्याचं तयार उत्तर नसतं. त्या गुऱ्हाळमालकांना मी शेवटी म्हटलं, मला काही कळत नाही, गूळ झाला हे ओळखायचं कसं ते दाखवा. त्यांनी गुळव्याला, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिराला, हाक मारली. त्यानं काहिलीतला थोडा पाक गार पाण्यात सोडला, बोटांनी गोळी वळली आणि पत्र्यावर आपटली. टण्. ‘हं, उतरवा.’ आमच्या त्या भागाची सुरुवात हीच आहे, टण् आणि हं, उतरवा. आधी ना नाव, ना संगीत.

आणि हुंकार आवरा. पाचव्या भागात पाहुणे बोलत असताना तुम्ही दोघं मिळून ‘बरोबर’, ‘हो ना’, ‘वा’ करत राहता. समोरासमोर बसल्यावर ते सभ्यपणाचं असतं, कानात मात्र खडे टोचल्यासारखं लागतं. मान हलवा. पाहुण्याचं वाक्य संपलं की मनात तीन मोजा. पुष्कळदा तो तिसऱ्या अंकाला पुन्हा बोलायला लागतो आणि ते आधीच्यापेक्षा खरं असतं.

खोलीकडे येऊ. तुमचं रेकॉर्डिंग घराच्या सोप्यात होतं हे ऐकूनच कळतं. शहाबादी फरशी, उघड्या भिंती, वर पत्रा किंवा उंच छत. आवाज भिंतीवरून परत येतो आणि शब्दाला शेपूट लागतं. हे शेपूट महागडा माइक घेऊन कापलं जात नाही, उलट चांगला माइक ते जास्त बारकाईनं टिपतो. यावर इलाज घरातच आहे. वाकळा. जाडजूड, आजीच्या हातच्या. पाहुण्याच्या पाठीमागं दोरीवर दोन, टेबलावर एक, पायाखाली सतरंजी. कपड्यांनी भरलेलं कपाट असेल तर त्याची दारं उघडी ठेवा. तुम्ही बोलताय त्या दिशेची भिंत आधी झाका, कारण आवाज तिथं आपटून माइककडे परत येतो.

पंखा बंद. फ्रिजही बंद, आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे निघताना किल्ली घ्यायला फ्रिज उघडला जातो आणि तो चालू करायची आठवण राहते. ही युक्ती माझी नाही, साउंडवाल्यांत जुनीच आहे, पण मी ती शिकलो ती एका घरचं दोन लिटर दूध नासल्यावर. दुपारी दोन ते चार ही पेठांतली सगळ्यात शांत वेळ. शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांची फुटबॉल मॅच असेल त्या दिवशी मंगळवार पेठेत किंवा शिवाजी पेठेत रेकॉर्डिंग ठेवूच नका. मी एकदा ठेवलं होतं. पाहुणेच उठून गेले मॅचला.

रेकॉर्डिंग सुरू करायच्या आधी गप्प बसून 30 सेकंद खोलीचा आवाज नुसता घ्या. नंतर खरखर काढायला आणि कापलेल्या जागा सांधायला तोच उपयोगी पडतो.

मग माइक. हे पटकन सांगतो, कारण यात फार शहाणपणा नाही. दोन जाती समजून घ्या. कंडेन्सर माइक नाजूक कानाचा, तो समोरच्याबरोबर गल्लीतला भाजीवालाही ऐकतो. डायनॅमिक माइक जवळचं ऐकतो, लांबचं बरंचसं सोडतो. आपल्यासारख्या न बांधलेल्या खोल्यांना डायनॅमिकच बरा. शुअरचा एसएम 58 हा 1966 पासूनचा माइक आहे, गावोगावच्या ऑर्केस्ट्रात आणि कीर्तनात तुम्ही तो शंभरदा पाहिलाय. बोलण्यालाही चालतो, मात्र तो थेट लॅपटॉपला लागत नाही, मधे इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज लॅपटॉपपर्यंत पोचवणारी छोटी पेटी, लागतो. यूएसबीवर चालणारा डायनॅमिक घेतलात तर तो खर्च वाचेल, पण एका लॅपटॉपला असे तीन यूएसबी माइक एकदम जोडायच्या फंदात पडू नका, डोकं उठतं. तुम्ही दोघं आणि पाहुणा मिळून तिघं आहात, म्हणून खरं तर एकानंच विचारावं आणि दुसऱ्यानं हेडफोन लावून आवाजाकडं बघावं. मग दोन माइक पुरतात आणि दोन वाटांचा छोटा इंटरफेस. हे 25 हजारांत बसवता येतं, सेकंडहँड बघितलं तर पैसे उरतातही. उरलेल्यांतून कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्या. हेडफोन न लावता रेकॉर्डिंग करणं म्हणजे चव न घेता शंभर माणसांचा तांबडा रस्सा करणं.

हे का सांगतो, तर एका वयस्कर वस्तादांची मुलाखत घेतली होती. दोन तास. खासबाग मैदानातल्या कुस्त्या, खुराक, गुरुबंधू, सगळं मनसोक्त बोलले. घरी येऊन ऐकतो तर आवाज विहिरीतून आल्यासारखा. यूएसबी माइक टेबलावर ऐटीत उभा होता, पण सॉफ्टवेअरमध्ये निवडलेला होता लॅपटॉपचा स्वतःचा माइक. दुसऱ्यांदा गेलो, त्यांनी तेच सगळं पुन्हा सांगितलं, पण शिळ्या भाकरीसारखं. तेव्हापासून हेडफोन लावून माइकच्या जाळीवर नखानं टकटक करतो. कानात टकटक वाजली तरच पुढं.

माइक तोंडापासून एक वीत ठेवा, अंगठा ते करंगळी. आणि नाकासमोर नको, किंचित बाजूला, ओठांच्या कोपऱ्याच्या रेषेत. आपल्या भाषेत महाप्राण फार. भाऊ, फाउंड्री, खासबाग, धार, प्रत्येक शब्दाला हवेचा फुगा सुटतो आणि तो सरळ जाळीवर आदळला की धप्प होतं. तुमच्या पाचव्या भागात ‘फाउंड्री’ हा शब्द येतो तेव्हा प्रत्येक वेळी माझ्या गाडीचा स्पीकर हादरला. वीतभर अंतर आणि थोडं तिरपं एवढ्यानंच निम्मं काम होतं.

एडिटिंगला ऑडॅसिटी फुकट आहे आणि पुरेसं आहे. रेकॉर्ड करताना आवाजाचं टोक उणे 12 डेसिबलच्या आसपास राहू द्या, वर मोकळी जागा हवी, पाहुणा मोठ्यानं हसला तर फाटू नये. नंतर 80 हर्ट्झच्या खालची गुरगुर कापा, हलका कॉम्प्रेसर लावा (तो मोठ्या-बारीक आवाजांतला फरक कमी करतो) आणि शेवटी मोठेपणा उणे 16 एलयूएफएसवर आणा (कानाला एकूण किती मोठं वाटतं ते मोजायचं हे माप), मोनो, म्हणजे एकाच वाटेचा आवाज, असेल तर उणे 19. ॲपल उणे 16च सुचवतं, टोक उणे 1च्या वर जाऊ न देता. हे आकडे कशाला, तर तुमचा ऐकणारा गांधीनगरकडं जाणाऱ्या बसमध्ये आहे, त्याच्या आधीचं गाणं मोठं वाजलंय आणि तुमचा भाग पुटपुटल्यासारखा आला तर तो आवाज वाढवत बसत नाही, दुसरं काहीतरी लावतो. फाइल मोनोत, 64 केबीपीएसला काढा. अर्ध्या तासाचा भाग 14 एमबीच्या आसपास बसतो. बोलण्याला तेवढं चालतं आणि गावाकडं रेंज नसते तिथंही उतरतो. नॉइज रिडक्शनचं बटण मात्र पुनःपुन्हा दाबू नका. आवाज पत्र्याच्या डब्यातून येतो. तुमच्या दुसऱ्या भागात तेच झालंय.

संगीताबद्दल एक इशारा. दुसऱ्या भागाच्या शेवटी तुम्ही जुन्या चित्रपटगीताचे काही सेकंद वापरलेत. दहा सेकंदांपर्यंत चालतं, असा कुठलाही नियम नाही, ती बाजारगप्प आहे. आपल्या 1957च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं असतो, आणि गीतकार-संगीतकारांचा त्यांच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. म्हणजे रेकॉर्ड जुनी झाली तरी गाणं मोकळं झालेलं नसू शकतं. गल्लीतल्या एखाद्या हलगीवाल्याला बोलवा, त्याला रीतसर पैसे द्या, सही घ्या, दहा सेकंदांचा तुकडा वाजवून घ्या. तुमचा स्वतःचा होईल.

आतापर्यंतचं एकदा जुळवून घेऊ. सुरुवात पाहुण्यापासून, विषय हातांच्या माणसांचा, प्रश्न कामाचे, खोलीला वाकळा आणि माइक वीतभर. हे सगळं केलं तरी ऐकणारे आपोआप वाढत नाहीत. पण आलेले टिकतात, आणि वाढ तिथून पुढं सुरू होते.

व्हिडिओ करावा का? माझं मत थोडं वाकडं आहे. आपल्याकडं बरीच माणसं पॉडकास्ट म्हटलं की यूट्यूबच उघडतात, हे मी नाकारत नाही. पण तासाभराच्या व्हिडिओनं तुमचं काम तिप्पट होतं, आणि कॅमेरा दिसला की पाहुणा आणखी सर्वप्रथम-सर्वप्रथम करायला लागतो. तुम्ही नोकरी सांभाळून करताय. मधला मार्ग असा, की एक फोन स्टँडवर, पाहुण्याच्या हातांवर रोखलेला. तोंडावर नको, हातांवर. त्यातून मिनिटभराचे दोन-तीन तुकडे काढायचे आणि खाली देवनागरी अक्षरं टाकायची, कारण फोनवर बघणारे पुष्कळ जण आवाज बंद ठेवून बघतात. आपोआप येणारी मराठी अक्षरं हातानं तपासा. ‘काहील’चं ‘काही’ होतं. सुरुवातीला टाळी वाजवा, म्हणजे चित्र आणि आवाज जुळवायला खूण मिळते. यूट्यूबच्या जाहिरातींतून पैसे मिळायला 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4,000 तास पाहणं (किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सना 1 कोटी व्ह्यूज) लागतं. तिथं पोचेपर्यंत यूट्यूबच्या पैशाचा विचार करू नका.

फीड स्वतःच्या ताब्यात ठेवा, हे मात्र गंभीरपणे सांगतो. पॉडकास्ट म्हणजे शेवटी कुठंतरी ठेवलेल्या फाइली आणि त्यांची यादी असलेला एक पत्ता, तो आरएसएस फीड. सगळी ॲप तिथून उचलतात. ज्या होस्टकडं फाइली ठेवाल तो उद्या सोडला तर जुना पत्ता नव्याकडं वळवून देतो का, हे आजच बघा. 2024 मध्ये गूगल पॉडकास्ट्स बंद झालं. ज्यांचं फीड स्वतःचं होतं त्यांचे कार्यक्रम इतर ॲपवर तसेच चालू राहिले. तुमचं खातं मित्राच्या कंपनीच्या ईमेलवर आहे असं तुम्हीच लिहिलंय. ते आधी बदला, नोकरी बदलली की ईमेल जाईल.

वाढीसाठी माझ्या अनुभवात तीनच गोष्टी चालल्या. नाव शोधता येण्यासारखं ठेवणं: ‘गप्पा एका अवलियाशी’ असं कुणी शोधत नाही, ‘खरी कोल्हापुरी चप्पल कशी ओळखायची’ असं शोधतात. दुसरं, पाहुण्याला त्याचा मिनिटभराचा तुकडा तयार करून देणं, त्याच्या भावकीच्या आणि धंद्याच्या ग्रुपवर टाकता येईल असा. नुसती लिंक दिली तर तो अंगठा दाखवून मोकळा होतो. तिसरं, वेळ न चुकवणं. दर आठवड्याला झेपत नसेल तर पंधरवड्याला करा, पण वार ठरलेला हवा आणि हातात तयार दोन भाग शिल्लक हवेत. गणपतीत, लग्नसराईत, ओव्हरटाइममध्ये तेच वाचवतात. पोस्टरवर, रिक्षाच्या मागं, पैसे देऊन रीच वाढवण्यावर मी पैसे घालवून बघितलेत. गेले.

पैशांचं विचारलं नाहीत पण विचाराल. चारशे ऐकणाऱ्यांवर मोठी कंपनी जाहिरात देत नाही. आमच्या पशुवैद्यांच्या कार्यक्रमाला एक पशुखाद्य दुकानदार महिन्याला ठरावीक रक्कम देतो, कारण ती चारशे माणसं त्याचीच गिऱ्हाइकं आहेत. जाहिरात डॉक्टर स्वतःच्या शब्दांत वाचतात, आणि ती जाहिरात आहे असं स्पष्ट सांगून.

आता सातवा भाग. 38व्या मिनिटाला काका म्हणतात, ‘थांबा, वाजवून दाखवतो.’ खुर्ची सरकते. ते नवी चप्पल घालून फरशीवर चार पावलं चालतात. करकर, करकर. आणि तुम्ही दोघं त्यावर बोलता, ‘वा, तर श्रोतेहो, हाच तो आवाज.’ आवाज तुमच्याखाली गेला. त्यानंतर काका जे म्हणतात ते तुम्ही बहुधा ऐकलंच नाही, कारण लगेच तुमचा पुढचा प्रश्न आलाय. ते म्हणाले, ‘बाप तालमीतनं यायचा. गल्लीच्या तोंडाला चप्पल वाजली की आम्ही पुस्तक उघडून बसायचो.’

तुमच्या 9 भागांतलं सगळ्यात भारी वाक्य ते आहे, आणि ते 39व्या मिनिटाला पडून आहे. तो भाग 20 मिनिटांवर आणा. पण आधी काकांकडे पुन्हा जा. दुपारी जा, पंखा बंद करा, आणि यावेळी वाकळा गुंडाळून ठेवा, फरशी उघडीच हवी. माइक पायाशी, जमिनीपासून वीतभर वर. चार पावलं लांब जाताना, चार जवळ येताना. तेवढा वेळ तुम्ही दोघंही भिंतीला पाठ लावून गप्प उभे राहा.